लीजवर तुमचं नाव आहे का?

गावाकडून फोन आला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, आणि राहायला जागा कशी आहे? पहिल्याचं उत्तर आपण थोडं फुगवून सांगतो. दुसरं टाळतो. "आहे, ठीक आहे" म्हणायचं आणि पावसाचं, पेरणीचं विचारायचं. आजचं संपादकीय त्या टाळलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला सांगलीकडचा एक स्वयंपाकी भेटला. हायवेच्या कडेला असलेल्या एका हॉटेलात तो कामाला होता. राहायला शेठच्याच घरात वरची खोली, पाच जण मिळून. सकाळी शेठची व्हॅन घेऊन जायची, रात्री अकराला परत आणून सोडायची. आसपास ना बसचा थांबा, ना चालायला फुटपाथ. दूध आणायचं तरी व्हॅनवाल्याला विचारायचं. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम थकला म्हणून त्यानं एक दिवस शांतपणे पैसे मागितले. शेठ रागावले नाहीत. "काम सोड" असंही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासून दुसरी जागा बघ."

बाहेर बर्फ पडत होतं. गडी गप्प बसला. ओव्हरटाइम बुडाला तो बुडालाच.

हातात कला असलेल्या माणसाला काम आठ दिवसांत दुसरीकडे मिळालं असतं. अडलं ते छपरावर. पगार, जेवण, गाडी आणि अंथरूण हे चारही ज्याच्या एका किल्लीत आहेत, त्याच्यासमोर माणूस तोंड उघडत नाही. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: परदेशात कामगारानं हक्काची भाषा बोलायची असेल, तर आधी स्वतःच्या नावावर जागा हवी, आणि ती जागा अशी हवी की तिथून पायी बाहेर पडून बस, ट्रेन, दुकान आणि दुसरं काम गाठता येईल. वन बेडरूमचं भाड्याचं घर ही आपल्याला इंजिनियर लोकांची गोष्ट वाटते. खरं तर ती पगाराइतकीच कामगाराची गोष्ट आहे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. 2005 च्या कॅटरीना वादळानंतर मिसिसिपीतल्या पास्कागूला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथल्या सिग्नल इंटरनॅशनल कंपनीच्या गोद्यांमध्ये सुमारे 500 भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले गेले. भरती एजंटांनी प्रत्येकाकडून दहा ते वीस हजार डॉलर घेतले होते आणि ग्रीन कार्डचं आश्वासन दिलं होतं. हातात पडला तो तात्पुरता एच-2बी व्हिसा. राहायला कंपनीचा पहारा असलेला कॅम्प आणि एकेका ट्रेलरमध्ये 24 माणसांपर्यंत कोंबलेली. त्यासाठी पगारातून महिन्याला 1,050 डॉलर कापले जात. बाहेर स्वतःची जागा घेतो म्हणणाऱ्यांना सांगितलं गेलं, घ्या, पण कॅम्पचे पैसे कापले जाणारच. मार्च 2008 मध्ये त्यातले जवळपास शंभर जण काम सोडून बाहेर पडले, पुढे वॉशिंग्टनला जाऊन उपोषणाला बसले. फेब्रुवारी 2015 मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या कोर्टात ज्यूरीनं पाच कामगारांना मिळून सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

त्या निकालाच्या बातम्यांत रक्कम मोठ्या अक्षरात आली. आपण लक्षात ठेवायची ती दुसरी गोष्ट. जागा कंपनीच्या हातात होती म्हणून माणसं इतके दिवस कंपनीच्या हातात राहिली.

आता "पायी जाता येईल अशी वस्ती" हा भाग. इकडं ही मोठी चैनीची गोष्ट म्हणून विकली जाते. खाली कॉफीचं दुकान, झाडं लावलेला फुटपाथ, म्हणून भाडं जास्त. पण आपल्याला हे नवीन आहे का? लालबाग, परळ, वरळी, नायगाव काय होतं? भोंगा वाजला की कामगार चाळीतून निघून चालत गिरणीत पोचायचा. बायकामुलं गावी ठेवून आलेले कोकण-घाटावरचे पुरुष एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे. जेवायला खानावळ पायाखाली, बाजार कोपऱ्यावर, युनियनची सभा हाकेच्या अंतरावर. जागा हालाची होती, त्याचं कौतुक आम्हाला करायचं नाही. पण 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार इतके महिने तग धरू शकले, त्यात त्या वस्तीचा वाटा होता. बाई खानावळीत उधार वाढत होती, वाणी वहीत लिहून ठेवत होता, आणि बहुतेकांची खोली गिरणीमालकाची नव्हती. घरात 1947 च्या भाडे कायद्याचा आधार असलेली भाडेपावती जपून ठेवलेली असायची, रेशन कार्डाच्या जोडीला. आजोबांनी ट्रंकेत जपलेल्या त्या कागदाची किंमत आपण इकडं येऊन विसरलो.

अमेरिकेत अशी वस्ती कुठं? पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना माहीत असलेलं नाव म्हणजे जर्सी सिटीचं जर्नल स्क्वेअर. तिथून दोन पावलांवर न्यूअर्क अव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअर आहे. भाजी, पोळ्या, मिठाई, पैसे पाठवायचं दुकान, सगळं चालत. पाथ ट्रेन दिवसरात्र सुरू, मॅनहॅटन पंधरा मिनिटांच्या आसपास. रात्री दोनला शिफ्ट सुटलेला माणूस कुणाच्या व्हॅनची वाट न बघता घरी येऊ शकतो.

पण ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. 1987 साली याच जर्सी सिटीत स्वतःला "डॉटबस्टर्स" म्हणवणाऱ्या टोळक्यानं भारतीयांना हाकलून लावू, अशी धमकीची चिठ्ठी स्थानिक वर्तमानपत्राला पाठवली होती. कपाळावरच्या टिकलीवरून ते नाव. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला रस्त्यात जमावानं मारलं आणि तो त्यात गेला. त्या काळात आपल्या बायका साडी नेसून संध्याकाळी बाहेर पडायला घाबरत. लोक मोर्चे काढून, कोर्टात जाऊन, दुकानं उघडी ठेवून तिथं टिकले. आज आपण रात्री बिनघोर चालतो तो रस्ता त्यांनी मोकळा करून दिलाय. "चालण्याजोगी वस्ती" फुटपाथानं होत नाही, तिथं टिकून राहिलेल्या माणसांनी होते.

आता खिशाचं बोलू, कारण खरी गोम तिथंच आहे. न्यू जर्सीत 2025 साली बहुतेक कामगारांसाठी किमान वेतन तासाला 15.49 डॉलर होतं. आठवड्याला 40 तास, वर्षभर एकही खाडा नाही, असं धरलं तर वर्षाचे 32,219 डॉलर, म्हणजे महिन्याला कर कापण्याआधी 2,685. हिशोबाला सोपं म्हणून वन बेडरूमचं भाडं 2,000 धरू. स्टेशनजवळच्या नव्या टॉवरमध्ये ते याहून बरंच जास्त असतं. म्हणजे किमान वेतनावरच्या एकट्या माणसाला हे घर परवडत नाही. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही.

दोघांना मात्र परवडू शकतं, ओढाताण करून. नवराबायको असोत की दोन मित्र, एकाला बेडरूम आणि एकाला हॉल. प्रत्येकी 1,000. यावर लोक म्हणतात, लांब हायवेला साडेपाचशेत जागा मिळते की. मिळते. पण तिथं गाडीशिवाय हलता येत नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या 2024 च्या हिशोबानं नवी गाडी बाळगायचा खर्च वर्षाला 12,297 डॉलर होता, म्हणजे महिन्याला हजाराच्या वर. आपण जुनी गाडी घेतो, ती स्वस्त पडते. तरी विमा, पेट्रोल, टायर, दुरुस्ती आहेच. उलट पाथचं भाडं 2025 मध्ये एका फेरीला 3 डॉलर होतं. महिन्याला 22 दिवस जाऊन-येऊन 132 डॉलर. तेव्हा भाडं एकटं बघू नका. भाडं आणि येणं-जाणं एकत्र मांडा, मग ठरवा स्वस्त काय ते. आणि एक ओळ आणखी लिहा त्या हिशोबात: शेठनं थकवलेला ओव्हरटाइम मागायची हिंमत. तिची किंमत डॉलरमध्ये ज्यानं त्यानं आपापली घालावी.

दुसरी अडचण कागदांची. न्यूयॉर्कच्या बाजूला बरेच घरमालक वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या 40 पट मागतात. हा कायदा नाही, रिवाज आहे. 2,000 भाड्याला 80,000. किमान वेतनावरचे दोघं मिळून होतात 64,438. मोठ्या कंपनीच्या इमारतीत कॉम्प्युटर तिथंच नाही म्हणतो. म्हणून आपल्या माणसानं जुन्या, छोट्या इमारती बघाव्यात, जिथं घरमालक समोरासमोर बसून बोलतो. सोबत पगाराच्या चार-सहा पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, आधीच्या घरमालकाचं पत्र आणि भाडं वेळेवर भरल्याचा पुरावा ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर टॅक्स भरण्यासाठी मिळणारा आयटीआयएन नंबर काही घरमालक चालवून घेतात.

आता कडू बोलायचं आहे, आणि ते आपल्याच लोकांबद्दल.

आपल्यातले कितीतरी जण शेठच्या घरात राहत नाहीत, पण स्वतःच्या नावावरही राहत नाहीत. लीज एका "दादा"च्या नावावर असते. दादा दोन हजाराचं घर घेतो, त्यात सहा गाद्या टाकतो, गादीमागं पाचशे घेतो. पावती नाही, डिपॉझिटचा कागद नाही. वर "गाववाला म्हणून ठेवलंय" हे ऐकून घ्यायचं. भांडण झालं की बॅग दाराबाहेर. सुरुवातीच्या महिन्यात असा दादा देवासारखा वाटतो, आणि काही खरोखर तसे असतातही. पण जो पावती देत नाही तो उपकार करत नाही, धंदा करतो. आमची दादांनाही विनंती आहे: घेतलेल्या पैशाचा दोन ओळींचा कागद लिहून द्या. तुमचं काही जात नाही, समोरच्याचा पत्त्याचा पुरावा होतो.

तसंच ते आडनाव. खोली बघायला गेलं की "कुठले तुम्ही? आडनाव काय? खाण्यापिण्याचं कसं?" या तीन प्रश्नांत काय शोधलं जातं ते आपल्याला सांगायला नको. साता समुद्रापार येऊन आपला घरमालक आपल्याला पुन्हा गावकुसाबाहेर उभं करतो. 1968 च्या फेडरल कायद्यानं वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यावरून घर नाकारायला बंदी आहे. जातीचं नाव घेऊन, घरभाड्यासकट बंदी घालणारं पहिलं अमेरिकन शहर सिएटल, फेब्रुवारी 2023 मध्ये. बाकी ठिकाणी लढाई चालू आहे. तोवर निदान जातीवरून खोली नाकारणारा "चांगला माणूस आहे हो" असं आपण तरी म्हणू नये.

आता सही करण्याआधी काय बघायचं ते. नियम राज्याराज्यात बदलतात, म्हणून आपल्या राज्याचा नियम विचारून घ्या. इथं दोन शेजारी राज्यांचं सांगतो.

न्यू जर्सीत घरमालक दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागू शकत नाही. 2,000 च्या घराला 3,000. पहिल्या महिन्याचं भाडं धरून 5,000 हाताशी हवेत. घर सोडल्यावर 30 दिवसांत डिपॉझिट परत करायला हवं, कापलं तर कशाचे कापले ते लिहून. अन्यायानं दाबून ठेवलं तर कोर्टात दुप्पट मागता येतं. न्यूयॉर्क राज्यात 2019 पासून डिपॉझिट एका महिन्याचंच, परत करायला 14 दिवस, आणि अर्जाची व चौकशीची फी 20 डॉलरच्या वर नाही. न्यूयॉर्क शहरात 11 जून 2025 पासून दलालाची फी ज्यानं दलाल लावला त्यानं द्यायची. घरमालकाच्या दलालाला आपण महिना-दीड महिन्याचं भाडं मोजायचे दिवस तिथं संपले.

जर्सी सिटीत एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. न्यू जर्सीत 1974 पासून असा कायदा आहे की भाडं भरणाऱ्या भाडेकरूला ठरावीक सबळ कारणाशिवाय काढता येत नाही, लीज संपली तरी. पण घरमालक त्याच घरात राहतो आणि भाड्यानं दिलेल्या जागा दोन किंवा कमी आहेत, तर हे संरक्षण लागू नाही. आपले लोक नेमके तिथंच राहतात: खाली काका-काकू, वर आपण. काकू सणाला ताट पाठवतात, गोडीगुलाबी असते. असू द्या, पण अशा घरात वर्षाची लेखी लीज मागाच. डिपॉझिटचा कायदाही तिथं आपोआप लागत नाही. भाडेकरूनं घरमालकाला तसं लेखी कळवलं की 30 दिवसांनी लागतो. एक साधं पत्र, त्याची एक प्रत आपल्याकडे.

आणि कुठल्याही घरात, काका असोत की कंपनी, भाडेकरूला बाहेर काढायचं तर कोर्टातून जावं लागतं. परस्पर कुलूप बदलणं, सामान रस्त्यावर टाकणं, हीटर बंद करणं बेकायदा आहे. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून आणि जर्सी सिटीत 2023 पासून, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या भाडेकरूला घर खाली करण्याच्या खटल्यात वकील देण्याचा कायदा आहे. व्हिसाची भीती घालणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्क शहरात इमिग्रेशनच्या स्थितीवरून घर नाकारता येत नाही, आणि कॅलिफोर्नियात घरमालकाला ती विचारायचीच परवानगी नाही.

दोघांनी मिळून लीज केली तर एक लक्षात ठेवा. बहुतेक करारांत प्रत्येकजण पूर्ण भाड्याला बांधलेला असतो. सोबती निघून गेला तर पूर्ण 2,000 तुमच्याकडून वसूल होऊ शकतात. म्हणून माणूस बघून सही करा. आणि वन बेडरूममध्ये सहा जण कोंबायची गोष्ट नको. एका बेडरूमला दोन माणसं, हा हिशोब साधारणपणे वाजवी धरला जातो. जास्त भरली तर काढायला तेच कारण मिळतं.

स्वस्तात मिळतं म्हणून तळघरात जाऊ नका. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात तळघरातल्या घरांत 11 माणसं बुडून गेली. बरीचशी क्वीन्समध्ये, त्यात आपल्यासारखेच बाहेरून आलेले कष्टकरी होते. पाणी शिरलं, दार उघडेना, दुसरा रस्ता नव्हता. खोली बघताना भिंतीचा रंग नंतर बघा. आधी बघा, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का आणि माणूस जाईल एवढी खिडकी आहे का.

भाडं रोख देऊ नका. बँकेचा चेक नसेल तर पोस्टातून मनी ऑर्डर घ्या, तिची एकेक एक हजार डॉलरपर्यंत मिळते. तिचा तुकडा जपून ठेवा. खोली न बघता, फोनवरच्या फोटोंवर भुलून कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. राहायला गेल्या दिवशी भिंती, नळ, शेगडी, फ्रिज यांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. सोडताना तेच फोटो डिपॉझिट सोडवतात.

हे सगळं आज रात्री होणार नाही, आम्हाला ठाऊक आहे. डोक्यावर एजंटचं कर्ज, गावी घराचा हप्ता, पोरांची फी. पाच हजार डॉलर बाजूला पडायला वर्ष लागेल, कुणाला दोन. म्हणून सुरुवात लहान करा. तुमच्या आत्ताच्या खोलीचा पत्ता तुम्हाला पूर्ण लिहिता येतो का, बघा. कितीतरी जणांना येत नाही, कारण व्हॅन आणते आणि व्हॅन नेते. मग त्या पत्त्यावर तुमच्या नावाचं एखादं पत्र, बिल, बँकेचं पाकीट येतं का, बघा. नसेल तर या महिन्यात यायला लावा. मग सोबत राहील असा एक भरवशाचा माणूस शोधा आणि दोघांनी मिळून महिन्याला जमेल तेवढं बाजूला टाका.

तो सांगलीचा स्वयंपाकी आता एका मित्राबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, पाइप रात्री खडखडतात, खिडकीतून समोरची भिंत दिसते. लीजवर दोघांची नावं आहेत. कामाला चालत जायला बारा मिनिटं लागतात. नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात तासांचा हिशोब चुकला, तेव्हा त्यानं तो दुरुस्त करून मागितला आणि मिळाला. फार मोठी लढाई नव्हती. तो सांगत होता, "मागताना पाय लटपटले नाहीत."

गावाकडून पुढचा फोन आला आणि जागेचं विचारलं, की त्याला विषय बदलावा लागत नाही.